वाजू दे, वाजून जाईल

प्रयोगशाळेत धोक्याचा भोंगा घुमला आणि शेवंती घोडीच्या पाठीवर बसलेली कस्तुरी चक्क हसली. डॉ. विभावरी खर्चे यांना आनंदानं रडू कोसळायचंच बाकी होतं. धरण फुटलं त्या दिवसापासून ही पोर साधी कुकरची शिट्टी झाली तरी पलंगाखाली शिरायची. तिचे वडील, म्हणजे विभावरीचा सख्खा भाऊ, त्या पाण्यात गेले होते.

"वाजू दे, वाजून जाईल," कस्तुरी घोडीची मान थोपटत म्हणाली. वाक्य आत्यानंच शिकवलेलं. सावखेडी गावातल्या प्रत्येक रुग्णाकडून विभावरीनं ते घोकून घेतलं होतं.

तंत्रज्ञ इम्तियाज पिंजारीचं लक्ष मात्र भयमापीच्या पडद्यावर होतं. "पोरगी शांत आहे मॅडम. पण हिचं काय?"

शेवंतीचे कान मागे चिकटले होते. कातडी थरथरत होती.

"पट्टा काढ आधी तिचा," विभावरी म्हणाली. "घोड्याचं हृदय आपल्या निम्म्या गतीनं चालतं. तालबंध पट्टा तो संथ ठेका माणसाच्या नसांना देतो. शरीर शांत असताना भोंगा ऐकवला की मेंदू ती आठवण नव्यानं साठवतो, भीती वगळून. एवढंच तर करतोय आपण."

"पण पट्टा दोन्हीकडून चालतो ना! तिकडून शांतता येते, इकडून धडधड जाते. भोंगा म्हणजे धडधड, एवढं जनावर शिकणारच. भीती संपत नाही, नुसती जागा बदलते."

"म्हणून तर गाढवं घेतली, शेळ्या घेतल्या. एकाच जनावरावर भार नको."

"आणि भोंगा खरंच वाजला तर?"

"माणसांची भीती गेलीय, अक्कल नाही गेली."

"अक्कल नुसती सांगते, पळ म्हणून. पाय हलवते ती भीती."

"पुरे हं तुझं शहाणपण!" विभावरी फटकन बोलली. आणि तिनं स्वतःच शेवंतीचा पट्टा सोडला.

गाव बरं झालं. लोक इतके बरे झाले, की आपापल्या जनावराला रोज घास भरवायला विभावरीच्या उपचार केंद्रावर येऊ लागले. सरपंच रावण गिरासे यांचा तर ढमी गाढवीवर लेकीसारखा जीव. धरणही नव्यानं बांधून झालं. पुढच्या पावसाळ्यात ते काठोकाठ भरलं आणि एका दुपारी नदीकाठचा भोंगा वाजायला लागला.

पाठोपाठ इम्तियाजचा फोन. गावात यंत्रांचा जाणकार तोच, म्हणून तो धरणावरच्या यंत्रांची तपासणी करायला गेला होता. "मॅडम, भिंत खचतेय! गाव टेकडीवर काढा, आत्ताच्या आत्ता!"

विभावरी अनवाणीच गल्लीत धावली. चहाच्या टपरीवर सरपंच बशीत चहा ओतत होते.

"उठा! पाणी येतंय!"

"बसा डॉक्टरीणबाई, चहा घ्या," ते गोड हसले. "वाजू दे, वाजून जाईल."

"अहो, खरं पाणी!"

"हो, कळलं की. खरंच असेल." त्यांनी फुर्रकन घोट घेतला.

ओट्यावर बाया शेंगा सोलत होत्या. त्याही हसल्या. दारादारातून तिचंच वाक्य तिच्याच सुरात ऐकू येत होतं. पाण्यापेक्षा तिला या चेहऱ्यांची जास्त भीती वाटली. आख्ख्या गावात घाबरलेली ती एकटीच होती.

कस्तुरी सागरगोटे खेळत होती. विभावरीनं तिला ओढलं, तर पोर तिथंच फतकल मारून बसली. "आत्या, हात दुखतो ना! वाजून जाईल गं."

गावाच्या खालच्या टोकाला, केंद्राच्या कुंपणावर लाथा आदळत होत्या. शेवंती जिवाच्या आकांतानं खिंकाळत होती.

जागा बदलते. इम्तियाजचे शब्द आठवले आणि विभावरी पोरीचा हात सोडून कुंपणाकडे धावली. भोंग्याचा खांब नदीकडे होता. त्याच्यापासून दूर जायला वाट एकच, गल्लीतून वर टेकडीची. तिनं फाटक सताड उघडलं. घोडे, गाढवं, शेळ्या, सगळी भडभडा बाहेर पडली आणि गल्लीतून वर सुसाट सुटली.

"शेवंती!" कस्तुरी ताडकन उठली आणि मागे पळत सुटली.

"अरे, माझी ढमी! धरा रे तिला!" सरपंचांची बशी हातातून पडली. शेंगांची सुपं उधळली. म्हातारी सकवारबाईसुद्धा आपल्या शेळीला शिव्या घालत चढण चढू लागली. भ्यायलं कुणीच नव्हतं. पण आपलं जनावर चाललंय म्हटल्यावर घरात राहिलंही कुणी नाही.

सगळे माथ्यावर पोचले तेव्हा खाली पाणी गल्लीत शिरलं होतं. टपरी गेली, ओटे गेले. लोक शांतपणे बघत होते. विभावरी मात्र हमसून हमसून रडत होती.

शेवंती घामानं निथळत थरथरत उभी होती. कस्तुरीनं तिच्या मानेला मिठी मारली आणि लाडानं म्हणाली, "वाजू दे गं शेवंती, वाजून..."

विभावरीनं झडप घालून पोरीच्या तोंडावर हात ठेवला.

"नको! तिला नको सांगूस ते. तिला घाबरू दे."