दीड तासाचं अंतर

मोजणीदार दुपारच्या विमानात बसला तेव्हा त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. धाकट्या बहिणीचा फोन आला होता, "दादा, आई दवाखान्यात आहे, तिचं काही खरं नाही. निघ लगेच." प्रवास दीड तासाचा. दीड तास म्हणजे काय, एक चहा आणि एक डुलकी. संध्याकाळच्या आत तो आईच्या उशाशी असणार होता.

लोकांच्या जमिनी इंचाइंचानं मोजून देणारा हा माणूस, पण आईला मात्र त्यानं धडधडीत खोटं अंतर सांगितलं होतं. ती एकदा म्हणाली, "येऊ का रे तुझ्याकडे चार दिवस?" यानं झटकून टाकलं, "अगं, एक दिवस आणि एक रात्र लागते विमानाला. पाय सुजतील तुझे." बिचारीनं विमान फक्त आभाळात पाहिलेलं. तिला खरं वाटलं. उलट शेजारीपाजारी कौतुकानं सांगत सुटली, "माझा मुलगा फार लांब असतो हो!" याचीही सोय झाली. वर्षा-दोन वर्षांतून एकदा तोंड दाखवलं की भागायचं. आज मात्र त्याला स्वतःची लाज वाटत होती.

विमान वर चढलं. चहा झाला, डुलकीही झाली, पण उतरायची सूचना काही येईना. त्यानं खिडकीची झडप वर केली आणि दचकलाच. बाहेर मिट्ट काळोख होता. आत सगळे झोपलेले, दिवे मंद, आणि कुठूनतरी दवाखान्यातल्या फिनेलचा वास येत होता.

"पोचतोच आहोत, सर," हवाई सुंदरी हळूच म्हणाली आणि पुढे गेली. कितीतरी वेळानं परत आली, तेव्हाही तेच म्हणाली.

तेवढ्यात शेजारच्या रिकाम्या सीटवर कुणीतरी येऊन टेकलं. एक थंडगार, सुरकुतलेला हात त्याच्या हातावर आला.

"अजून... किती लांब आहे?" आवाज फार दमलेला होता.

तो आधीच कावलेला. मान न वळवताच त्यानं हात सोडवून घेतला. "फार लांब आहे. झोपा तुम्ही."



विमान टेकलं तेव्हा बाहेर लख्ख दुपार होती. वाईट स्वप्न पडलं, असं मनाशी म्हणत त्यानं टॅक्सी केली आणि थेट दवाखाना गाठला. बहीण बाहेरच्या पायरीवर बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"कुठे होतास दादा? विमान कालच उतरलं तुझं. मी घ्यायला आले होते. सगळे बाहेर पडले, तू सोडून."

त्यानं फोन काढून तारीख पाहिली; खरंच एक दिवस उलटला होता.

"आई म्हणाली, उगाच गेलीस गं, त्याला एक दिवस एक रात्र लागते. मी थांबते तोवर. आणि थांबली रे... रात्रभर थांबली. पहाटे म्हणाली, मीच बघून येते कुठवर आलाय. डोळे मिटून पडली थोडा वेळ..."

"मग?"

"मग डोळे उघडले. रडत होती. म्हणाली, ओळखलंच नाही गं त्यानं मला... झोपा तुम्ही, म्हणाला. आणि कूस बदलून झोपली. ती उठलीच नाही, दादा."