अकरा दिवस अडलेलं विमान

१९४० चा जानेवारी. फोल्के आलमार्क रेल्वेच्या गोदामाकडे एक कागद द्यायला निघाला होता. दुपारचे तीनच वाजले होते, पण उत्तर टोकाच्या हापारांडा गावात हिवाळ्यात तीन म्हणजे काळोखच.

फोल्के स्वीडनचा सरहद्द-अधिकारी. नदीपलीकडे फिनलंडवर रशियाचे बॉम्ब पडत होते. स्वीडन तटस्थ होता. फिनलंडने विकत घेतलेलं एक लढाऊ विमान, सुटं करून पेट्यांत भरलेलं, अकरा दिवस गोदामात अडलं होतं. ते सोडायचा अधिकार फोल्केचाच होता. पण उद्या रशियाने डोळे वटारले तर आपली मान अडकेल, म्हणून तो राजधानीला तारांवर तारा करत बसला.

विमान न्यायला आलेला वैमानिक सारेल्मा परवा-परवापर्यंत रोज कचेरीत यायचा.

"तुमची तटस्थता तुम्हाला लखलाभ, साहेब. माझं जुनं धूड आता उडत नाही, नुसतं खोकतं. सही करा हो!"

"उद्या बघू," फोल्के म्हणायचा. आज राजधानीचं उत्तर आलं, 'निर्णय तुमचाच', तेव्हा कुठे त्याने सही केली.

गोदामात दिवा नव्हता. जळक्या चामड्याचा वास येत होता. पेटीला टेकून सारेल्मा उभा होता.

"लेफ्टनंट... आणली परवानगी."

"उशीर केलात, साहेब..."

आवाजात राग नव्हता. तेच फोल्केला लागलं.

"चुकलंच माझं. मला पहिल्याच दिवशी सही करता आली असती..."

"माहीत आहे..."

सारेल्माने कागद घेतला. उणे तीसच्या थंडीत त्याचा हातमोजा तापलेला होता.

स्टेशनात फिनलंडच्या तारा घेणारी हिल्का डोळे पुसत होती.

"सारेल्माला कागद दिला," फोल्के म्हणाला.

"कुणाला?" ती उठूनच उभी राहिली. "अहो, ते मंगळवारीच परत गेले. तेच जुनं विमान उडवायला. काल तळ्यावर... जळून..."

फोल्के गोदामाकडे धावला. आत कुणी नव्हतं, कागदही नव्हता. त्याने दुसरा लिहिला. दोन मिनिटं लागली.

पेट्यांबरोबर तो स्वतः पूल ओलांडून गेला. पलीकडे म्हाताऱ्या मेकॅनिकने सील तोडलं, फळ्या काढल्या, वैमानिकाच्या जागेवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"साहेब, ही पेटी अकरा दिवस गारठ्यात होती ना?"

"हो."

"मग बैठक ऊन कशी?" त्याने मोजा काढून पुन्हा चाचपलं. "कुणी उठून गेल्यासारखी नाही हो... अजून बसल्यासारखी."