वेल्माकाठचा कौल

वेल्मा नदीवर उजाडू लागले तेव्हा उस्त-वेल्माच्या लाकडी कोटाचे बुरूज धुक्यातून एकेक करून वर येत होते, आणि त्या बुरुजांखाली, तटाच्या ओंडक्यांना पाठ टेकून, एक मराठा सालोत्री नदीच्या बर्फाकडे डोळे लावून उभा होता. चैत्र संपत आला होता. आपल्याकडे या दिवसांत पाखरे सावली शोधतात. रशियाच्या त्या उत्तर टोकाला मात्र नदी अजून दगडासारखी पडून होती, आणि तिच्यावरून येण्याजाण्याची वाट देवदाराची रोपे रोवून आखलेली होती.

आता तुम्ही म्हणाल, खळदचा सुभानजी तिथे कसा पोचला? नशीब, दुसरे काय! पानिपतावर हा घोड्यांचा वैद्य गिलच्यांच्या हाती सापडला. हातात विद्या होती म्हणून मान वाचली. कंदाहारच्या पागेत राबला, तिथून निसटून बुखाऱ्याच्या काफिल्यात घुसला, आणि काफिल्याबरोबर अस्त्राखानला आला. तिथल्या हिंदुस्थानी सावकारांनी त्याला दोन घास दिले आणि एक वाट सांगितली: नद्यांनी उत्तरेला जा, जिथे त्या समुद्राला मिळतात तिथे उन्हाळ्यात फिरंग्यांची जहाजे लागतात, त्यातले एखादे तुला मुंबईच्या रस्त्याला लावील. हा निघाला. उस्त-वेल्माला नाव पोचली आणि तिच्याखालीच नदी गोठली. तेव्हापासून बिचारा बर्फ फुटायची वाट पाहत होता.

राहायला उल्याना नावाच्या विधवेचे घर मिळाले. तिची गाय अडली होती, ती याने सोडवली, आणि भाडे त्यातच फिटले. तो तिला माई म्हणे. ती त्याला सुबान म्हणे. माई हाताने उदार पण हसायची नाही. तिची एकुलती एक लेक, फेव्रोन्या, नदीपलीकडच्या मठात कोंडून बसली होती.

त्या मठाची हकीकत अशी. काही पिढ्यांमागे रशियाच्या दरबाराने पूजाअर्चेच्या चाली बदलल्या. क्रुसाची खूण दोन बोटांनी करायची ती तीन बोटांनी करा, असा हुकूम सुटला. ज्यांनी ऐकले नाही ते रानात गेले. दोन बोटे की तीन, यावरून माणसे जिवावर उदार होतात हे ऐकून सुभानजीला आधी हसू आले. मग आपल्याकडची आडवी-उभी गंधे आठवली आणि ते हसू तोंडातल्या तोंडात विरले. पलीकडच्या मठात असे जुन्या चालीचे लोक बायकापोरांसह जमले होते. प्रार्थनेच्या दालनात त्यांनी गवत, डांबर, भूर्जाच्या साली रचून ठेवल्या होत्या आणि निरोप धाडला होता, की शिपायाचे पाऊल दारात पडले की आम्ही आत काडी लावू. ही पोकळ धमकी नव्हती. त्या मुलखात असे मठ आधीही जळाले होते.

गावचा सुभेदार रोदियोन लुकिच याच्या तोंडचे पाणी पळाले ते यानेच. राजधानीतून ताकीद आली होती, की यापुढे एकही मठ जळता कामा नये. जळला तर सुभेदारी गेली म्हणून समजा. त्याने सुभानजीला बोलावून घेतले, समोर बसवले, स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला.

"सुभानजी, तुम्ही परदेशी आहात. तुम्हाला या बोटांच्या भांडणात ना घेणं ना देणं. ते लोक आमच्या धर्मगुरूचा शब्द मानत नाहीत, माझा तर नाहीच नाही. आपण जावं. त्यांना सांगावं, की दार उघडा, नदी ओलांडून या, कोटात हजेरी लावा आणि आपापल्या घरी जा. कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही. हा माझा कौल आहे."

"हुजुरांची आज्ञा," सुभानजी आनंदाने म्हणाला. इतक्या वर्षांत आपल्या हातून कुणाचे तरी भले होणार, या विचाराने त्याची छाती भरून आली.

सुभेदाराच्या घोडीचा खूर दुखावला होता, तो पाहायला तो तसाच लोहाराच्या भट्टीवर गेला. लोहार काहीतरी घडवत होता. सुभानजीने वाकून पाहिले. पायातल्या बेड्या! शेजारी ढीग लागला होता, आणि त्या ढिगात काही कड्या इतक्या लहान होत्या की मोठ्या माणसाचे मनगटही त्यात शिरले नसते.

"या कुणाला रे?" त्याने विचारले.

लोहाराने नदीपलीकडे हनुवटी उडवली आणि पुन्हा घण उचलला. सुभानजी घोडीला तशीच सोडून सुभेदाराकडे परतला.

"हुजूर, भट्टीवर बेड्या घडताहेत."

रोदियोन लुकिच रागावला नाही, दचकलाही नाही. त्याने खिडकीतून नदीकडे पाहिले. "घडताहेत खऱ्या. पूर्वेच्या खाणींना माणसं हवी आहेत. जिवंत माणसं."

"मग हा कौल मी नेणार नाही. माफी असावी."

"नका नेऊ, महाराज. बर्फ आता फार टिकत नाही. एकदा फुटला की नदी ओलांडता येत नाही, म्हणून उद्या दुपारी माझी शिबंदी जाणारच. ती दिसली की ते आत काडी लावतील. माझी सुभेदारी जाईल, पण त्यांचं काय राहील? आपण कौल नेलात तर बेड्या पडतील. न नेलात तर राख. निवड आपली आहे. मी आपला सरकारचा चाकर." आणि मग, जणू सहज आठवल्यासारखे, तो म्हणाला, "हो, बर्फ फुटला की पहिल्या नावेत आपली जागा ठेवायला सांगितलं आहे."

असा हा माणूस! समोरच्याच्या हातात विषाचा पेला द्यायचा आणि वर गूळही ठेवायचा.

सुभानजी घरी आला तेव्हा माई चुलीशी होती. त्याने काही लपवले नाही. मागे जंगल आहे तर ते लोक पळत का नाहीत, हेही विचारून झाले. कमरेइतका भुसभुशीत बर्फ, कडेवर पोरे, पळणार कुठे? सगळे ऐकून माई त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"बेड्या घालतील?"

"हो, माई. फटके मारतील. खाणीत धाडतील."

"पण जिवंत?"

"जिवंत."

"मग जा, सुबान. काय वाटेल ते सांग, पण तिला त्या आगीतून बाहेर काढ."

"मला खोटी शपथ घ्यायला लावतील, माई."

"त्याचं पाप मला लागू दे."

"पाप असं वाटून घेता येत नाही गं," तो म्हणाला, आणि मग त्याला तिच्याकडे पाहवेना. पानिपताच्या दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच मरण मागितले होते. ते मिळाले नाही, म्हणून तर आज खळदची वाट दिसत होती. जगले तर पुढे काही घडते. मेल्यावर काय घडते हे त्याला कुणी पटवून दिले नव्हते. पण हे ठरवणारा मी कोण? त्या लोकांचे मरण त्यांचे होते. ते हिरावून घ्यायचा अधिकार मला कुणी दिला? याच विचारात रात्र सरली.

सकाळी तो देवदाराच्या रोपांच्या वाटेने नदी ओलांडून गेला. मठाचे दार किलकिले झाले. आत डांबराचा वास असा कोंदला होता की डोळ्यांना पाणी आले. भिंतीच्या कडेने गवताच्या पेंढ्या छतापर्यंत लागल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये बायका, पुरुष, पोरे पांढरी कफने नेसून बसली होती. एक पोरगी आपल्या कफनाला नाक पुसत सलगम कुरतडत होती.

मठाचा म्हातारा प्रमुख, येवफीमी बाबा, काठी टेकत पुढे आला. त्याने सुभेदाराचा कौल ऐकून घेतला.

"पाणी द्या याला," तो म्हणाला.

माईसारखेच रुंद कपाळ असलेली एक तरुण बाई लाकडी पेला घेऊन आली, ती फेव्रोन्या. पेल्याचा काठ तुटका होता. "हे बाहेरच्यांचं भांडं आहे," ती म्हणाली. "आमच्या भांड्यातून बाहेरचा पीत नाही."

सुभानजीने झोळीतून आपला तांब्या काढला आणि वरून पाणी ओतायची खूण केली. अवमान वाटला म्हणून नव्हे. हात सवयीने गेला.

म्हाताऱ्याचे डोळे बारीक झाले. "दुसऱ्याच्या भांड्यातून पीत नाहीस?"

कंदाहारला सुभानजी घोड्यांच्या हौदातून पाणी प्यायला होता. वाटेत मिळेल त्याच्या ताटात जेवला होता. तांब्या जवळ होता तो घरचा एवढाच जिन्नस उरला म्हणून. "नाही," तो म्हणाला. ते पहिले खोटे, आणि ते इतक्या सहज निघून गेले की त्यालाच भीती वाटली.

येवफीमी बाबा लोकांकडे वळला. "पाहिलंत? गावातले आपले भाऊबंद ज्याच्या त्याच्या पेल्यात तोंड घालून बाटले. हा मूर्तिपूजक एवढ्या लांबून आला, सगळं गमावून आला, आणि आपलं भांडं सांभाळून आहे. जो भांडं राखतो तो शब्दही राखणार." मग सुभानजीला म्हणाला, "तुझ्या चालीप्रमाणे शपथ घे. तुझ्या देवाची. सुभेदाराचा नव्हे, तुझा शब्द आम्हाला पुरे."

सुभानजीचा आजा असता तर असेच बोलला असता, अगदी शब्दन् शब्द. हे त्याला जाणवले. पण आता शपथ नाकारली तर? त्याने त्या सलगम खाणाऱ्या पोरीकडे पाहिले. कमरेच्या पिशवीत घोड्यांच्या जखमांवर लावायची हळद होती. हा भंडारा नव्हे, औषध आहे, असे मनाला बजावत त्याने चिमूट काढली. पण बोटांना कोण फसवणार? चिमूट कपाळाला लावताना बोटे जशी लहानपणापासून वाकत आली तशीच वाकली.

"माझ्या कुळस्वामीची आण," तो मोठ्याने म्हणाला. "कौल खरा आहे." देवाचे नाव मात्र त्याच्या जिभेवर आले नाही.

दार उघडले. बाया रडत होत्या, हसत होत्या, एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. मरणाची तयारी करून बसलेली ती माणसे स्तोत्र म्हणत रांगेने बर्फावर उतरली. फेव्रोन्या जाता जाता सुभानजीपुढे कमरेतून वाकली, त्यांच्यात थोरांपुढे वाकतात तशी.

पैलतीरी, गावच्या काठाला, पालथ्या घातलेल्या नावांमागून शिबंदी उठली. कुणी आरडाओरडा केला नाही. तेवढा अवधीच मिळाला नाही. लोखंड वाजू लागले. येवफीमी बाबाने दोन्ही पाय आपणहून पुढे केले आणि सुभानजीकडे पाहिले.

"आत सगळं तयार होतं रे. फक्त काडी राहिली होती."

"पोरं होती, बाबा!" सुभानजी ओरडला. "पोरं होती आत!"

"आमची होती," म्हातारा म्हणाला.

सारे गाव काठावर जमले होते. त्या गावासमोर, शिपायांच्या भाल्यांची पर्वा न करता, सुभानजी सुभेदाराच्या घोड्याला आडवा गेला आणि त्याने लगाम धरला. "रोदियोन लुकिच! तुम्ही कौल दिला होतात. माझ्या तोंडून दिला होतात. तुम्ही बेइमान आहात, हे मी या गावाला, तुमच्या दरबाराला, कोणी विचारील त्याला सांगेन!"

सुभेदार खोगिरावरून किंचित खाली झुकला. "शपथ मी कुठे घेतली, सुभानजी?" तो सौम्यपणे म्हणाला. "शपथ तर आपण घेतलीत."

सुभानजीच्या हातातून लगाम सुटला.

पुढचे सांगायला जीभ वळत नाही, पण सांगायला तर हवे. पुरुषांना चौकात फटके बसले. येवफीमी बाबाने तुरुंगाच्या थाळीला हात लावला नाही. तो उपाशीच गेला. मग नदी फुटली. बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढत, गर्जत समुद्राकडे निघाले, आणि पाणी मोकळे झाले तसे एकीकडे नावा सजू लागल्या, दुसरीकडे खाणीकडे जाणारा तांडा उभा राहिला. सुभानजी सुभेदाराकडे गेला. तांड्याच्या गाड्यांना घोडी आहेत, त्यांना सालोत्री लागेल, मला त्यांच्याबरोबर धाडा, अशी त्याने हात जोडून विनंती केली.

"छे, छे! आपल्याला नाव कबूल केली आहे," रोदियोन लुकिच म्हणाला. "मी शब्दाचा पक्का आहे." गावासमोर बेइमान म्हणणारा माणूस त्याला गावात नको होता, आणि तांड्यात तर नकोच नको होता. दोन शिपायांनी दंड धरून सुभानजीला नावेत बसवले. ज्या नावेसाठी त्याने देवाला नवस बोलले होते तिच्यात तो रडत चढला.

माई धक्क्यावर आली होती. तिला तांड्याजवळ जाऊ दिले नव्हते, पण लांबून पाहू दिले होते. "चालतेय, सुबान," ती पुन्हापुन्हा सांगत होती. "आपल्या पायांनी चालतेय. मी पाहिलं." त्याने तिचे हात कपाळाला लावले.

काही अंतर तांड्याची वाट नदीच्या काठाकाठानेच जात होती. चिखलातून बेड्या ओढत माणसे चालली होती आणि नाव त्यांच्या बाजूने संथ घसरत होती. फेव्रोन्या कडेला होती. तिने मान वळवली.

"ए परदेशी! कुणाची शपथ घेतली होतीस? नाव काय त्याचं?"

सुभानजी नावेच्या काठावरून वाकला. "खंडोबा."

"खन्दोबा," तिने म्हणून पाहिले. पुन्हा एकदा म्हणाली, पाठ करावे तसे. मग पुढची साखळी ओढली गेली आणि ती चालू लागली. कशाला हवे होते तिला ते नाव? शाप द्यायला, की प्रार्थनेत घ्यायला? विचारायला त्याने तोंड उघडले, तोवर प्रवाहाने नाव मधोमध नेली होती.

सुभानजी पुढे मुंबईस उतरला आणि खळदला पोचला. भाऊबंदांनी त्याला मेला म्हणून सोडले होते, त्यांनी आनंदाने शुद्ध करून घेतले, पंगती उठवल्या. मग सगळे म्हणाले, चल, देवाला जाऊन येऊ, एवढ्या संकटातून त्याने आणले. जेजुरी काही लांब नव्हे. सुभानजी सगळ्यांबरोबर निघाला, गडाच्या पायथ्याशी आला, आणि पहिल्या पायरीशी बसून राहिला. लोक वर जाऊन आले, भंडाऱ्याने माखून आले, याला हाका मारून दमले. दर वर्षी तो तसाच जाई आणि तिथेच बसे, आणि वर का येत नाहीस हे त्याने मरेपर्यंत कुणाला सांगितले नाही.