पाण्यावरून परतताना

पोरांना एकदा सुरत दाखवायची, हे मी रंजनाला दिवाळीपासून कबूल करत आलो होतो. सुरतेजवळ कडोदऱ्याच्या कारखान्यात मी कापड तपासतो. ताक्यात कुठे धागा तुटला, कुठे डाग पडला, हे बघण्यातच दिवस जातो. इतकी वर्षं इथे राहून मीही सुरतेचा किल्ला आतून पाहिला नव्हता.

रविवारी सकाळी सरथाण्याच्या प्राणिसंग्रहालयातले वाघ झाले, दुपारी किल्ला झाला, आणि गोपी तलावावर पोचेपर्यंत दोन्ही लेकरांनी आम्हाला नको नको करून सोडलं. धाकटी रंजनाच्या खांद्यावर झोपून गेली. सहा वर्षांच्या ओंकारने मात्र पाण्याजवळच्या पायरीवर फतकल मारली. त्याला बूट चावला होता, आइस्क्रीम सांडलं होतं. चिडला की तो शाळेतल्या गुजरातीवर येतो.

"पप्पा, मने तेडी लो ने." मला उचलून घ्या, असं त्याचं चाललं होतं.

माझ्याही कमरेचा काटा ढिला झाला होता. "नसेल यायचं तर राहा इथंच," म्हणालो आणि सरळ चालू लागलो. फाटकाशी वळून पाहिलं तर तो मुकाट मागून येत होता. बरं झालं, म्हटलं.

आमच्या घरची एक रीत आहे. नदी-तलावावरून निघताना लेकराचं नाव घेऊन 'चाल घर' म्हणायचं, नाहीतर लेकरू तिथंच राहतं म्हणतात. रंजनाने धाकटीला तसं म्हटलं होतं. मी असलं काही मानत नाही.

रिक्षात ओंकार कडेला बसायला भांडला नाही. घरी दुधीची भाजी त्याने मागून घेतली. सोमवारी स्वतःच्या बुटाची गाठ स्वतः बांधली. आदल्या आठवड्यापर्यंत त्याला ती जमत नव्हती. बूट काढल्यावर मी त्याची टाच पाहिली. फोड असायला हवा होता. डाग शोधायची माझी नजर आहे, पण टाच कोरी होती. त्या दिवसांत गुजरातीचा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. धाकटी त्याच्या शेजारी झोपेना. भाऊ कधी येणार, असं आईला विचारत राहिली.

बुधवारी भाकरी थापता थापता रंजनाने आमच्या बोलीत विचारलं, "तुम्ही नाव लिसन हाक मारी व्हती का त्याले?"

"नाही," मी म्हणालो. तिने तवा उतरवला, हात धुतले.

"मना पोऱ्या तठेच शे," ती म्हणाली. आपला पोरगा तिथं तलावावरच राहिलाय, असं. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

धाकटीला शेजाऱ्यांकडे ठेवून आम्ही तिघे तलावावर गेलो. गर्दी होती. भाजल्या कणसांचा वास येत होता. ओंकार माझं बोट धरून उभा होता. त्याचा हात चांगला उबदार होता. लोक बघतील म्हणून मला लाज वाटत होती. तरी पाण्याकडे तोंड करून म्हणालो, "ओंकार, चाल घर."

काही झालं नाही.

मी पुन्हा हाक मारली.

पायरीवरून रडणं ऐकू आलं. कंटाळलेलं, घसा बसलेलं. "पप्पा, तेडी लो ने."

पायरीवर कुणी नव्हतं.

रंजना धावली. खाली बसून रिकाम्या दगडावर हात फिरवू लागली. "आखो एकदाव हाक मारा," ती म्हणाली. "येई तो. मारा."

मी तोंड उघडलं.

माझ्या बोटावरची पकड घट्ट झाली. शेजारचा ओंकार मान वर करून माझ्याकडे पाहत होता. त्याचे डोळे भरले होते. मला भीती वाटायला हवी होती; पण मला त्याची फार दया आली.

"पप्पा," तो हळूच म्हणाला, "मी तर काहीच त्रास देत नाही."