जेवणावरून कुणी उठायचं नाही

आमच्याकडे नाताळात यायचं असेल तर सगळ्यात आधी टायर बघा. हिवाळीच हवेत. बाराही महिने चालतात म्हणून दुकानदाराने गळ्यात मारलेले नकोत. ते कोलोनमध्ये चालत असतील. आमच्या चढावर ते घसरतात, आणि मग कोलोनची माणसं माझ्याच दारात येऊन विचारतात, इथे रस्ते साफ करत नाहीत का हो?

मी बिरगिट. एर्त्सगेबिर्गच्या डोंगरात, चेक सरहद्दीला लागून, स्टाइनग्रुंड नावाचं एक गाव आहे. तिथे माझा नवरा हाइको आणि मी छोटंसं पाहुणेघर चालवतो. खोली ठरवायला कुणाचा फोन आला की मी आधी सूचना देते आणि मग भाडं सांगते. हाइको म्हणतो, "अगं, ती माणसं सुट्टीवर येतायत, सैन्यात भरती व्हायला नाही." म्हणू दे.

चोवीस तारखेला दुपारी दुकानं बंद होतात ती थेट सत्तावीसला उघडतात, म्हणून दूध, पाव, औषधं आधीच घ्या. पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. गाडीत घोंगडी, फावडं, गरम चहाचा थर्मास आणि काचेच्या बरणीत एक जाड मेणबत्ती ठेवा. अडकलात तर धूर जायच्या नळीसमोरचा बर्फ उकरून काढा, नाहीतर तोच धूर आत शिरून माणूस झोपेतच जातो. आणि गाडी सोडू नका. बर्फात गाडी सापडते, माणूस सापडत नाही. आधी मी माथ्यावरच्या हवामान केंद्रात नोकरी करायचे. वारा आणि बर्फ काय करू शकतात ते मला ठाऊक आहे. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

याशिवाय आणखी एक सूचना मी देते. ती ऐकून लोक हसतात. हसोत बापडे. माझी मुलगी फ्रांत्सी ज्या नाताळात घरी यायला निघाली होती, तेव्हापासून ती मी देते.

फ्रांत्सी आमची एकुलती एक. लाइपझिगला इस्पितळात नर्स होती. नाताळला तिला कधी सुट्टी मिळायची नाही, त्या वर्षी मिळाली. चोवीसची सकाळची पाळी संपवून ती दुपारी निघणार होती. तिने सकाळी फोन करून बजावलं होतं, "हंसाची तंगडी माझी. आजीला हात लावू देऊ नकोस."

आमच्या भागात नाताळात प्रत्येक खिडकीत दिव्यांची लाकडी कमान लावतात. तिच्या शेजारी घरातल्या प्रत्येक मुलामागे मेणबत्ती धरलेला एक लाकडी खाणकामगार आणि प्रत्येक मुलीमागे एक देवदूत ठेवतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला कळतं, या घरात किती लेकरं आहेत ते. आमच्या खिडकीत एकच देवदूत. फ्रांत्सीने लहानपणी तो पाडून त्याचा डावा पंख मोडला होता. हाइकोने तो चिकटवला, पण वाकडा. नवा आणू म्हटलं तर तिने घर डोक्यावर घेतलं होतं.

आणि आमचं जेवण. चोवीसच्या संध्याकाळी चर्चची घंटा झाली की नऊ पदार्थांचं जेवण: मसूर, आंबवलेली कोबी, बटाट्याचे गोळे, भाजलेला हंस, असं सगळं. भांडी आधीच टेबलावर आणून ठेवायची, कारण एकदा बसलं की जेवण संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. मीठ राहिलं तर अळणी खायचं. दार वाजलं तर बसल्या जागेवरून "या" म्हणून ओरडायचं. वाटसरू आलाच तर असावं म्हणून एक ताट जास्तीचं मांडायचं. उठलं तर काय होतं, हे सासूबाईंनी कधी सांगितलं नाही. "उठायचं नाही म्हणजे नाही," एवढंच. त्यांची कटकट नको म्हणून मीही वर्षानुवर्षं पाळत आले.

त्या दिवशी दुपारपासूनच बर्फ पडत होता, बारीक आणि कोरडा, म्हणजे वाईट जातीचा. घंटा झाली तरी फ्रांत्सी आली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "येईल ती. वेळ टाळायची नाही." आम्ही तिघं बसलो. फ्रांत्सीचं ताट आणि वाटसरूचं ताट अशी दोन ताटं रिकामी होती. मी मसूर वाढून घेतले आणि फोन वाजला.

आमचं गाव दरीत आहे, त्यामुळे खिशातले फोन इथे लागत नाहीत. घरातला फोन मधल्या बोळात, जिन्याखाली भिंतीला आहे. तिथे खिडकी नाही.

मी उठले.

"बिरगिट, बस खाली!" सासूबाई ओरडल्या. मी ऐकलं नाही. आज पुन्हा तीच वेळ आली तरी मी उठेन. पोर रस्त्यात असताना फोन वाजतोय आणि आई मसूर खात बसलीय, असं कुठे होतं का?

"आई, हसायचं नाही हं," फ्रांत्सी म्हणाली. "मी माथ्यावरच्या रस्त्यात अडकलेय."

"त्या रस्त्याने? दहादा सांगितलं होतं ना!"

"खालच्या रस्त्यावर ट्रक आडवा झालाय गं. फोनने हा दाखवला."

नकाशात तो जवळचा दिसतो. संध्याकाळी त्यावर बर्फ काढणारी गाडी फिरत नाही. दोन्ही बाजूंना काळंभोर सूचिपर्णी झाडांचं रान आहे आणि अख्ख्या वाटेत एकही घर नाही. कधी नव्हतंच. जुने नकाशेसुद्धा मी नंतर चाळले.

"नळीसमोरचा बर्फ काढलास?"

"काढला. मेणबत्ती लावली, घोंगडी घेतली, टाकी भरलेली आहे. तुझं सगळं पाठ आहे मला, मॅडम."

मी हाइकोला हाक मारली. तोही उठला. त्याने बूट चढवले आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणायला धावला. "अरे, तूसुद्धा?" सासूबाई आतून म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बारीक झाला. "मी नाही उठणार. एकाने तरी बसायला हवं."

मी फ्रांत्सीशी बोलत राहिले. तिला झोप लागू द्यायची नव्हती. जेवायला काय काय केलंय ते सांगितलं. तंगडी आजीने अजून पळवली नाही, हेही सांगितलं. ती हसली. तिच्या गाडीवर वारा आपटत होता तो मला इकडे ऐकू येत होता.

"बाबा आले वाटतं," ती म्हणाली. "उजेड दिसतोय."

ट्रॅक्टर इतक्यात पोहोचणं शक्य नव्हतं. "कसला उजेड?"

"थांब... दिवे नाहीत गाडीचे. खिडकी आहे. कमान लावलीय."

"तिथे घर नाही, फ्रांत्सी."

"आहे गं. रस्त्याला लागूनच आहे. मघाशी बर्फात दिसलं नसेल." ती थांबली. "आई, देवदूत आहे खिडकीत. एकच. त्याचा पंख वाकडा आहे."

मी म्हटलं, थंडीने माणसाला भास होतात. डोळे मिट, चहा पी, पण काच खाली करू नकोस.

"तू खिडकीत उभी आहेस," ती म्हणाली.

"मी जिन्याखाली आहे. फोन कुठे आहे ते तुला माहीत नाही का?"

"मग हात कोण करतंय?"

तिच्या आवाजात भीती नव्हती. तेच मला सहन होत नाही. घरी पोहोचल्यावर माणूस जसा बोलतो तशी ती बोलत होती.

"दार उघडू नकोस. फ्रांत्सी, ऐकतेयस? उघडू नकोस दार!"

दार उघडल्याचा आवाज आला. वारा एकदम मोठा झाला.

"अगं, समोर तर आहे. मसुराचा वास येतोय."

"परत फिर! गाडीत बस!"

बर्फात पावलं करकरत होती. मी ओरडत होते. ती ऐकत होती की नाही, कोण जाणे. मग पावलांचा आवाज बदलला. लाकडी पायरी. बूट आपटून बर्फ झाडल्याचा आवाज, दोनदा, आमच्या दारात ती लहानपणापासून झाडायची तसा.

मग कडी वाजली. आमच्या दाराची कडी उघडताना कुरकुरते. हाइको कित्येक वर्षं तिला तेल घालीन म्हणतोय.

मी आमच्या दाराकडे पाहिलं. ते बंद होतं.

फोनमधून मला माझा आवाज ऐकू आला.

"आलीस का गं? बूट बाहेरच काढ. चल, बस, सगळं गार होतंय."

"आई?" फ्रांत्सी हळूच म्हणाली. ते मला म्हणाली की तिला, ते मला आजही कळत नाही. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि फोन बंद पडला.

मी धावत खोलीत गेले. सासूबाई जागच्या जागी बसल्या होत्या. त्यांना लांबचं नीट दिसायचं नाही. माझ्याकडे बघून त्या गोंधळल्या.

"हे काय? आत्ता तर येऊन बसली होतीस," त्या म्हणाल्या. "पुन्हा कधी उठलीस?"

माझ्या ताटातले मसूर संपले होते.

हाइकोला गाडी सापडली. आत मेणबत्ती जळत होती, घोंगडी घडी करून सीटवर ठेवली होती. पावलांचे ठसे रस्त्यावरून झाडांमधल्या मोकळ्या जागेत गेले होते आणि तिथे थांबले होते. तिथे तिचे बूट होते. बर्फ झाडून, शेजारी शेजारी, टाचा जुळवून ठेवलेले. आम्ही दारात काढून ठेवतो तसे.

पोलीस आले, कुत्री आली, हेलिकॉप्टर आलं. वसंतात बर्फ वितळल्यावर सगळ्या गावाने हातात हात घालून रान तुडवलं. काही मिळालं नाही. पोलीस म्हणाले, थंडीत माणसं कपडे काढून भटकतात, असं होतं. होतं ते मलाही माहीत आहे. फोनवरच्या आवाजाचं त्यांना सांगितलं तर तरुण अधिकाऱ्याने लिहिणं थांबवून मला पाणी दिलं. सासूबाई पुढचा हिवाळा बघायला राहिल्या नाहीत.

हाइको आणि मी त्यानंतर काही वर्षं दर नाताळात माथ्यावर जाऊन गाडीत बसायचो. तिथे झाडांशिवाय काहीच दिसत नाही. आम्हाला दिसत नाही. आता हाइकोचे गुडघे साथ देत नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्याच्याने ते बघवतही नाही. तो घरी बसतो आणि खिडकीतल्या देवदूताची मेणबत्ती बदलत राहतो. काढून ठेव म्हटलं तर बोलणं सोडतो.

तर माझी शेवटची सूचना अशी. माथ्यावरच्या रस्त्याने येऊ नका. आलात आणि अडकलात तर उतरू नका. माझं घर दिसलं, मी खिडकीत दिसले, मी हात केला, तरी नाही. त्या वेळी मी इथे खाली जेवायला बसलेली असते, आणि आमच्याकडे जेवणावरून कुणी उठत नाही.

सूचना चांगली आहे. पण पाहुणे आले की त्यांचे कोट टांगता टांगता मी विचारते, कुठल्या रस्त्याने आलात? आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहते.

गेल्या नाताळला कासेलहून व्हेस्टरकाम्प नावाचं म्हातारं जोडपं आलं. त्यांना उशीर झाला. आमचं जेवण आटोपलं होतं. बाई फार बोलक्या, कोट काढायच्या आधीच सुरू झाल्या.

"चुकलोच हो! फोनने वरचा रस्ता दाखवला. पण तुमची सूचना लक्षात होती बरं का. उतरलो नाही. नुसती गाडी हळू केली. यांना म्हटलं, बघा, बाईंनी पाहुण्यांसाठी केवढी गंमत करून ठेवलीय. पण आमच्या आधी खाली कशा पोहोचलात तुम्ही?"

हाइको खिडकीपाशी होता. त्याने वळून पाहिलं नाही.

"काय दिसलं तुम्हाला?" मी विचारलं.

"तेच, खिडकी, देवदूत, टेबल. आणि मुलगी काय गोड आहे हो तुमची! पायात नुसते मोजे. आमची गाडी बघून बिचारी उठायला लागली होती. तुम्ही तिच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलंत." बाई हसल्या. "बरोबरच आहे म्हणा. जेवण संपल्याशिवाय उठायचं नसतं ना तुमच्याकडे?"

माझ्या हातात त्यांचा ओला कोट होता. मला एकच गोष्ट विचारायची होती.

"तिच्या ताटात अजून किती होतं?"

"भरलेलंच होतं की," बाई म्हणाल्या. "तुम्ही वाढतच होतात."