पोटावरच्या दोन मुठी

"हेल्मेट मागितलं म्हणे तिनं. नवऱ्याच्या गाडीवर बसायला! भरवसा नाही म्हणजे."

नणंदबाई स्वयंपाकघरात सासूबाईंना हे सांगत होत्या तेव्हा मी पलीकडे न्हाणीघरात होते. मधली भिंत अशी, की पातेल्यावर झाकण ठेवलं तरी ऐकू यावं. मी नळ मोठा सोडला. लग्नाला दोनच महिने झाले होते, पण एवढं शिकले होते की या घरात कानावर आलेल्या गोष्टीला उत्तर द्यायचं नसतं. भांडी जरा जोरात ठेवायची, बस्स.

जेवणं उरकली तसे सगळे बाहेरच्या पायऱ्यांवर जमले. नणंदबाई आठवडाभर माहेरी राहणार होत्या. त्यांचे यजमान, म्हणजे घराचे जावईबुवा, दोन्ही पोरांना घेऊन रात्रीच परत निघायचे होते, कारण सकाळी शाळा. सोन्या सहा वर्षांचा, ढमी तीनची. मोटरसायकल फाटकाशी उभी होती. जावईबुवा म्हणजे असं माणूस, की त्यांनी मीठ जास्त झालं म्हटलं तर सगळ्या घराला खारट लागतं.

"काका, जायच्या आधी एक होऊन जाऊ द्या," ते म्हणाले. "भुताची. पण खरी हं."

चुलत सासऱ्यांचं इस्त्रीचं दुकान. त्यांनी तापलेली इस्त्री ठेवावी तसा पेला अलगद पायरीवर टेकवला.

"खरीच आहे. आमच्या गल्लीतल्या सुताराची. शाळांना सुट्टी लागली त्या शुक्रवारची रात्र. चंद्र नव्हता. एका गिऱ्हाइकाच्या कपाटाचं दार लागत नव्हतं, तेवढं तासून द्यायचं. अर्ध्या तासाचं काम. पोरं मागे लागली, आम्हीपण येतो. बायको म्हणाली, न्या बाई, मला जरा पाठ टेकू दे. मुलगी पुढे टाकीवर, मुलगा मागे, हत्यारांची पिशवी हँडलला."

"म्हणजे आपल्यासारखंच," जावईबुवा म्हणाले. सगळे हसले. सोन्यासुद्धा.

"दार तासून झालं. गिऱ्हाइकानं चहा दिला, पोरांना बिस्किटं दिली. निघायला उशीर झाला. मुलगी पेंगायला लागली, म्हणून यानं आरसा तिच्याकडे वळवला. स्वतःचं तोंड बघत बसेल, जागी राहील. पोराला सांगितलं, मला घट्ट धर. त्यानं पोटावर शर्ट मुठीत पकडला. दोन्ही हातांनी. सुताराचा हिशोब सोपा होता. पोटावर मुठी आहेत, म्हणजे पोरगं आहे."

माझ्या शेजारी सोन्यानं स्वतःच्या मुठी वळून पाहिल्या.

"गाव मागे पडलं. पुढे ते वळण. खाली नाला. तिथून जरा पुढे आल्यावर मुलगी म्हणते, बाबा, दादाच्या मागे कोण बसलंय?"

"काका, भूतपण ट्रिपल सीट?" जावईबुवा म्हणाले.

कोणी हसलं, कोणी गप्प बसायला सांगितलं. काका थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सुतारही असाच हसला. म्हणाला, झोप आलीय तुला. गाडी चालूच. थोड्या वेळानं मुलगी पुन्हा म्हणाली, बाबा, दादा नाहीये..."

"अगं बाई," नणंदबाई पुटपुटल्या.

"यानं खाली पाहिलं. पोटावर मुठी होत्या. घट्ट. मग काय थांबायचं? म्हणाला, हा काय दादा. धरलंय मला. मुलगी आरशातच बघत होती. म्हणाली... हा दादा नाही."

नणंदबाईंनी ढमीला मांडीवर ओढलं.

"मुठी आवळल्या. शर्टावरून गार लागायला लागलं. यानं हाक मारली. मागून उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. नाही. त्याला वाटलं थांबावं. मग वाटलं, घर आलंच. घरी गेल्यावर बघू. दिवे दिसायला लागले. फाटक. बायको बाहेर आली. तिनं मुलीला उतरवलं. मग विचारलं, मोठा कुठंय?"

काकांनी पेला उचलला. रिकामा होता. तसाच धरून बसले.

"हा म्हणाला... मागे. आणि तेव्हा मुठी सुटल्या."



"पोरगा?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"सापडला. उजाडल्यावर. वळणाखाली."

"पण..."

काकांनी मान हलवली. नाही अशी.

"तो शर्ट माझ्याकडे आला. त्याच्या बायकोनं आणून दिला. पोटावर दोन चुण्या. एवढ्या एवढ्या, लहान मुठींच्या. पाणी मारलं, इस्त्री फिरवली, काचेसारखा करून घडी घातली. सकाळी उघडला तर... चुण्या तशाच. तीन वेळा केलं मी. माझ्या हातानं. शेवटी तसाच परत दिला."

नणंदबाईंनी दंड चोळले. सासूबाई आतून म्हणाल्या, "पोरांसमोर कसल्या गोष्टी काढता!" आणि मग जो तो एकदम बोलायला लागला.

"ते वळणच वाईट."

"आधी गेलेलं असणार एखादं पोर तिथे. त्यानंच धरून ठेवलं याला, मागे वळून बघू नये म्हणून."

"रात्रीचं त्या रस्त्यानं जाऊच नये."

"मी आपला कालव्यावरून जातो," जावईबुवा म्हणाले. "लांब पडतं, पण नको ती भानगड."

सगळ्यांना हे पटलं. मला शिसारी आली. भुताची नव्हे. एवढंसं पेंगुळलेलं पोर अंधारात मागे बसवायचं, त्याच्या दोन बोटांच्या जोरावर मैलोन्‌मैल जायचं, लेक सांगतेय तरी थांबायचं नाही, आणि खापर फोडायचं रस्त्याच्या एका वाकण्यावर. वर अंगावर काटा आला म्हणून खूश व्हायचं. आणि मी नेहमीप्रमाणे पेले गोळा करत होते.

जावईबुवांनी ढमीला उचलून टाकीवर बसवलं. ती केव्हाच झोपली होती; मान पुढे कलंडली, कपाळ वेगाच्या काट्याच्या काचेवर टेकलं, तोंडातली लाळ काचेवर उतरली. "बघा कशी आरामात झोपलीय," जावईबुवा कौतुकानं म्हणाले. नणंदबाईंनी सोन्याला मागे चढवलं. "पप्पांना घट्ट धर हं, राजा." सोन्या डोळे चोळत होता. त्यासाठी दोन्ही हात लागत होते.

किक बसली. नवरा फाटक उघडायला गेला. मी पेले पायरीवर ठेवले आणि गाडीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. दिवा सरळ डोळ्यांवर येत होता, त्यामुळे कोणाची तोंडं दिसत नव्हती. ते बरंच झालं.

"काय गं, काही राहिलं का?" नणंदबाईंनी विचारलं.

"भाऊजी," मी म्हणाले, "वळणानं कोणाचं काही केलेलं नाही. पोरांना खाली उतरवा. आज ती आमच्या खोलीत झोपतील, हे बाहेरच्या खोलीत झोपतील, आणि सकाळी पहिल्या बसनं त्यांना शाळेत मी सोडून येईन."