चिरबधिर

इचलकरंजीत गेल्या बारा वर्षांत एकाचीही दाढ ठणकली नव्हती आणि म्हणूनच दातांच्या डॉक्टर अवंती किणीकर यांचं डोकं रोज तापायचं. आज समोर बसला होता यंत्रमाग चालवणारा कल्लाप्पा मगदूम. मुलीच्या लग्नाच्या फोटोत सुजलेला गाल बरा दिसावा, एवढ्यासाठी आलेला! आत जबडा पोखरलेला, पू गळ्याकडे उतरलेला.

"दाढ आजच काढायची. नाहीतर चार दिवसांत श्वास कोंडून मराल."

"काय तरीच काय वो बाई! दुखत न्हाई की."

"दुखेल कसं? मज्जातंतूला बारीक दारं असतात. दात बिघडला की ती उघडतात, मिठातलं सोडियम आत घुसतं, ठणक्याचा निरोप मेंदूकडे पळतो. पूर्वी आम्ही दाढ काढताना सुईनं या दारांना कडी लावायचो. दोन-तीन तासांत रक्त ते औषध वाहून न्यायचं, कडी निघायची. तुम्ही सगळ्यांनी ते चिरबधिर टोचून घेतलंत, त्याची कडी जन्मभर आपोआप निघत नाही. निरोप थांबला हो, कीड चालूच आहे!"

"पण पत्रकात लिवलं हुतं की, 'एकदा टोचा, दातांचं दुखणं कायमचं जाईल.'"

ते पत्रक बाईंनीच लिहिलं होतं, चिरबधिर बनवणाऱ्या प्रयोगशाळेत असताना. मसुद्यात 'वेदना' होतं; लोकांना जड जाईल म्हणून या शहाणीनं 'दुखणं' केलं. आपल्याकडे ठणकाही दुखणं आणि आजारही दुखणं. लोकांनी आजार गेला असं वाचलं आणि दात दाखवणंच सोडलं. स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटली त्यांना.

त्यांनी कपाटातून उतारा काढला. कडी सोडवणारं औषध. "हे टोचते. मग तुमचं तुम्हालाच कळेल."

"टोचा की, त्याला काय हुतंय."

पाच मिनिटांत कल्लाप्पा गुरासारखा ओरडला.

"पटलं आता? तोंड उघडा!"

त्यानं बाईंना ढकललं आणि तो बाहेर धावला. तिथं दात पांढरे करून घ्यायला चार माणसं बसली होती. "धडधाकट आलो हुतो की रं! ह्या बाईनं सुई टोचून दुखणं लावलं मला!"

"अहो, दुखणं आधीपासूनच आहे तुम्हाला!" बाई किंचाळल्या.

चौघंही उठून चालती झाली. कल्लाप्पा रस्ता ओलांडून समोरच्या चिरबधिर केंद्रात शिरला. थोड्या वेळानं गाल तसाच टम्म घेऊन, शांतपणे बाहेर आला आणि दारात उभ्या असलेल्या बाईंना म्हणाला, "झालं ते झालं. पण परत कुणाला असलं दुखणं देऊ नगा."